‘बाई आल्या’ आणि ‘बाई आली’



आज थोडं कडू लिहिणार आहे, राग मानू नका.

‘बाई आल्या’ म्हटलं की शाळेतल्या बाई आल्या. ‘बाई आली’ म्हटलं की भांडी घासायला कुणीतरी आली. शब्द तोच, फक्त क्रियापदाने मान काढून घेतला. आणि आता तर शाळेतल्या बाईंच्याही मॅडम झाल्या, त्यामुळे हा शब्द उरला तो फक्त केर-फरशीपुरता.

दशलक्षण पर्वाच्या फलकावर समाजातल्या थोर स्त्रियांची नावं लिहायची होती. मंडळातली एक भगिनी म्हणाली, “मगनबाई नको, मगनदेवी करू. बाई म्हटलं की कामवालीच डोळ्यांपुढे येते.” दोघीतिघींनी माना डोलावल्या! अहो, शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरींची ही मुलगी, ऐन तारुण्यात विधवा झाली आणि कोपऱ्यात बसायचं सोडून मुंबईत श्राविकाश्रम उभा करून गेली. समाजाने तिला महिलारत्न म्हटलं. तिचं नाव आपण दुरुस्त करणार? मग सोलापूरच्या पंडिता सुमतीबाई शहांचं काय करायचं? आऱ्याच्या पंडिता चंदाबाईंचं काय? गणेशप्रसादजी वर्णींना आईच्या मायेने सांभाळणाऱ्या चिरोंजाबाईंना ते ‘बाईजी’ म्हणत. त्या हाकेत आदर होता की कमीपणा, तुम्हीच सांगा.

आपल्या नागपुरातच बघा ना. भोसल्यांच्या राज्यकारभारात वजन असलेल्या बाकाबाई. 1952 मध्ये नागपूरने लोकसभेत पाठवलेल्या अनसूयाबाई काळे. अस्पृश्य मानलेल्या मुलींसाठी शाळा चालवणाऱ्या जाईबाई चौधरी. 1942 मध्ये इथेच दलित महिला परिषद भरली, तिच्या अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. राणी, खासदार, शिक्षिका, पुढारी, सगळ्या बाईच. आणि जनाबाई? ती तर नामदेवांच्या घरची दासी, दळण-कांडण करणारी. तिच्या नावातली बाई काढा असं कुणाला सुचलं नाही.

हिंदीकडे मात्र या शब्दाला कोठ्याचा वास चिकटला. अख्तरीबाई फैजाबादी लग्नानंतर बेगम अख्तर झाल्या. आपल्याकडे केसरबाई, मोगूबाई, हिराबाई शेवटपर्यंत बाईच राहिल्या, आणि त्यांच्या गाण्याला काही कमीपणा आला नाही. नागपूर पडलं हिंदी-मराठीच्या सांध्यावर, म्हणून इथे हा संकोच जरा जास्तच.

असं फक्त आपल्याच भाषेत झालंय असंही नाही. चिनी भाषेत ‘शिआओजिए’ म्हणून एक शब्द आहे. एकेकाळी श्रीमंत घरच्या लेकीला तसं म्हणत. 1949 नंतर तो शेठ-सावकारांचा शब्द म्हणून मागे पडला आणि सगळे एकमेकांना कॉम्रेड म्हणू लागले. 1980 नंतर तो ‘कुमारी’ अशा साध्या अर्थाने परत आला, आणि मग कराओकेच्या हॉलमध्ये पुरुषांची करमणूक करणाऱ्या मुलींना तसं म्हणू लागले. आज चीनमध्ये अनोळखी मुलीला या नावाने हाक मारली तर ती दुखावू शकते. तैवानमध्ये मात्र तोच शब्द अजून अदबीने चालतो. म्हणजे शब्दाच्या अंगात दोष नव्हता. ज्या मुलींना कमी लेखलं, त्यांच्यासोबत त्यांचं संबोधनही खाली गेलं.

आपण तेच करतोय. कामाची लाज आपल्याला, शिक्षा शब्दाला. आता ‘मेड’ म्हणतात, कुणी ‘दीदी’, कुणी ‘मावशी’. मावशी म्हणायचं आणि चहाचा कप वेगळा ठेवायचा! दिवाळीला जुनी साडी दिली की नातं पूर्ण. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 मध्ये झाला; आपल्यापैकी किती जणींनी आपल्या घरी येणाऱ्या बाईंना त्यांच्या नोंदणीबद्दल विचारलंय? इथल्या रूपाताई कुलकर्णींनी संघटना बांधली तेव्हा नावही विदर्भ मोलकरीण संघटना असंच ठेवलं. त्यांना शब्द गोड करायची गरज वाटली नाही, त्या हक्क मागत होत्या.

मला विचाराल तर ‘बाई’पेक्षा जास्त खटकतं ते ‘माझी बाई’. माझी बाई आज आली नाही, माझ्या बाईने सुट्टी मारली. जशी माझी मिक्सर, माझी शिलाई मशीन. नावामागे लागते ती बाई मानाची, पण इथे नावच गायब. दहा वर्षं घरात वावरणाऱ्या स्त्रीचं आडनाव ठाऊक नसतं आपल्याला. भाषा समितीवर प्रवचन ऐकून घरी येतो, उत्तम मार्दवाच्या दिवशी कुल-जातीचा मद सोडायचं ठरवतो, आणि दारातूनच ओरडतो, “बाई आली का गं?”

काही जणी म्हणतील, आल्या-गेल्या म्हणून डोक्यावर बसवायचं का? सासूबाईंना, जाऊबाईंना, वन्संना आपण आल्या-गेल्याच म्हणतो की, त्यांतल्या कोण डोक्यावर बसल्या ते ज्याचं त्याने ठरवावं!

नव्या सुनांना आपल्या नावापुढे बाई नको असेल तर राहू दे, त्यांची मर्जी. पण फलकावर ‘मगनबाई’च लिहिलं जाईल, मी रंगाचा डबा घेऊन बसणार आहे. आणि पारण्याच्या दिवशी दोनशे माणसांची भांडी घासणाऱ्या चौघींची नावं आभाराच्या यादीत यायला हवीत, पूर्ण, आडनावासकट, बाई लावून. यादी करणाऱ्या भगिनीने ती मला रविवारपर्यंत कळवावीत.