उन्हाळी उन्हामुळे लागत नाही!

विषय चारचौघांत बोलण्याचा नाही, हे मला ठाऊक आहे. ज्यांना अवघडल्यासारखे होईल त्यांनी इथेच थांबावे. पण बायकांनी आणि मुलीबाळींच्या बापांनी मात्र जरूर वाचावे.

लघवी करताना आग होते, थेंब थेंब होते, पुन्हा पुन्हा जावेसे वाटते, ओटीपोटात कळ येते. मराठीत याला नाव आहे, 'उन्हाळी लागणे'. आमच्या एकोडीकडे 'गरमी झाली' असेही म्हणतात. नाव ठेवले की निदान झाले, आणि औषध तर ठरलेलेच! "उन्हात फिरली असशीन, सब्जा पे, धन्या-जिऱ्याचं पाणी पे, होते बरं दोन दिवसात." भंडारा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, म्हणून उन्हावर खापर फोडणे सोपे पडते. ऊन काही उलट उत्तर देत नाही.

माझे भांडण या शब्दाशीच आहे. ऊन कारण असेल तर ते बाप्यांच्याही डोक्यावर तेवढेच तापते. मग हा त्रास बायकांनाच इतका जास्त का? आणि जुलैमध्ये, भर पावसात, धानाची रोवणी करणाऱ्या बाईला उन्हाळी कशी लागते?

उत्तर शरीररचनेत आहे. बहुतेक वेळा ही आग जंतुसंसर्गाने होते. जंतूचे नाव ई. कोलाय, राहतो आपल्याच आतड्यात. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटरचा, पुरुषाचा २० च्या आसपास. म्हणजे जंतूला मूत्राशयापर्यंत पोचायला बाईच्या शरीरात फारच जवळची वाट. साधारण निम्म्या बायकांना आयुष्यात एकदा तरी हा संसर्ग होतो. पाणी कमी प्यायले आणि लघवी तासन् तास अडवून धरली की जंतूंना वाढायला वेळ मिळतो. उन्हाचा हात इतकाच, की घाम जातो आणि पाणी कमी पडते.

आता कोणी म्हणेल, "मग बाई, पाणी प्या ना! कोणी अडवले आहे?"

पाणी उपयोगाचे आहे हे खरेच. २०१८ साली बल्गेरियातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वारंवार हा त्रास होणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या १४० बायका त्यात होत्या. अर्ध्या जणींनी रोजच्यापेक्षा दीड लिटर पाणी जास्त प्यायले. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. पाण्याने त्रास जवळजवळ निम्मा झाला! पण रोवणीला सकाळी निघालेल्या बाईने ते दीड लिटर पाणी प्यायचे आणि मग जायचे कुठे? चारी बाजूंना उघड्या बांध्या, पोटरीभर चिखल, धुऱ्यावर चिखलणी करणारे गडी. म्हणून ती घोटभरच पिते. आठवडी बाजारात भाजी घेऊन बसणारी तेच करते, एस.टी.ची वाट पाहणारीही तेच करते.

आणि शाळा? मी तीसेक वर्षे शिकवले. एका शाळेत (नाव नको) मुलींच्या मुतारीला कुलूप असे आणि किल्ली मागायची शिपायाकडे. आठवीतली मुलगी किल्ली मागणार आहे का? पाण्याची भरलेली बाटली ती तशीच घरी न्यायची. आम्ही शिक्षिकाही सकाळी चहा अर्धा कपच घेत असू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलींना वेगळे स्वच्छतागृह दिले. पण कुलूप लावलेले स्वच्छतागृह कागदावर मोजायलाच कामाचे.

आपली सगळी मोजणीच अशी आहे. घर तिथे शौचालय मोजले आणि २०१८ साली ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त जाहीर झाला. बाई दिवसाचे आठ-नऊ तास घराबाहेर असते, हे कोणी मोजले? रोजगार हमीचा २००५ चा कायदा घ्या. कामावर पिण्याचे पाणी, मुलांसाठी सावली, विसाव्याची जागा, प्रथमोपचार पेटी, सारे त्यात लिहिले होते. मुतारी नव्हती. प्यालेले पाणी बाहेरही पडते, हे कायदा करणाऱ्यांच्या ध्यानात आले नसावे!

शहरातल्या बायका भांडल्या. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' चळवळ उभी राहिली. पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी'च्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये महापालिकांना बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृहे उभारण्याचे आदेश दिले. महापालिकांना! बांधीत वाकलेल्या बाईसाठी कोण कोर्टात जाणार?

"आमच्या आज्यांचे कुठे अडले?" असे म्हणणारेही भेटतात. अडत होते हो! अडत नसते तर भाषेत त्यासाठी शब्द कशाला झाला असता?

आता उपचाराचे. धन्या-जिऱ्याच्या पाण्याला माझा विरोध नाही, तेही पाणीच आहे. पण त्याने जंतू मरत नाहीत. आग शमवणाऱ्या सिरपनेही मरत नाहीत. त्रास दोन दिवसांत थांबला नाही तर डॉक्टरांकडे जा, लघवी तपासून घ्या. गोळ्या दिल्या तर सांगितले तितके दिवस पूर्ण घ्या. शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या खाऊ नका, अनेक जुन्या औषधांना हे जंतू आता दाद देत नाहीत. थंडी वाजून ताप, कमरेच्या वर पाठीत दुखणे, उलट्या, लघवीत रक्त, यांपैकी काही दिसले तर एक दिवसही थांबू नका, संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोचलेला असू शकतो. गरोदर बाई आणि मधुमेही यांनी पहिल्याच दिवशी जावे. माझ्या वयाच्या मैत्रिणींनो, पाळी गेल्यावर तिथली त्वचा नाजूक होते, त्यानेही आग होते, आणि त्यावर वेगळे औषध आहे. पुरुषांनो, तुम्हाला झाले तर प्रोस्टेट किंवा खडा असू शकतो. कधी परम्यासारखा आजारही असतो. तेव्हा नवरा-बायको दोघांनी औषध घ्यायचे असते, एकमेकांवर संशय घेत घरात बसायचे नसते.

डॉक्टर औषध देतील, आडोसा मात्र ग्रामपंचायतीनेच द्यायचा आहे. बाजारात आणि बसथांब्यावर बायकांसाठी पाण्याची सोय असलेली, उघडी राहणारी मुतारी हवी. शेतात चार बांबू आणि हिरवी जाळी पुरते. शेतमालकाला ती जड नाही. पुढच्या ग्रामसभेत मी हे मांडणार आहे. हसणारे हसतील. पंचाहत्तरीत मला कोणाची लाज?

असो. तुमच्या गावच्या बाजारात बायकांची मुतारी आहे का, आणि ती उघडी असते का, एवढे बघून मला जरूर कळवा.