सातासमुद्रांपलीकडून पाहिलेली निवडणूक

परदेशीं राहणाऱ्या माणसास मायदेशाची खबर उशिरानें आणि अर्धवट लागते, असा एक जुना समज आहे. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरचे मुलगे, सुना, जांवई आज विलायतेंत अथवा अमेरिकेंत आहेत. निवडणुकीचे आंकडे घरच्या मंडळींच्या आधीं त्यांनाच ठाऊक असतात, हा अनुभव आतां कोणास नवा वाटणार नाहीं. परंतु एका निवडणुकीच्या वेळीं ही गोष्ट निराळ्या, आणि फारशा सुखाच्या नव्हे अशा, अर्थानें खरी होती. ती म्हणजे १९७७ सालची लोकसभेची निवडणूक. त्या वेळीं आम्ही शिक्षणाकरितां लंडनांत होतों.

ता. २५ जून १९७५ च्या रात्रीं आणीबाणी पुकारली गेली आणि वृत्तपत्रांवर नियंत्रण आलें, हें सर्वांस माहीतच आहे. बी.बी.सी.चे मार्क टली यांस देश सोडावा लागला. उलट, त्याच वर्षीं १५ ऑगस्टच्या दिवशीं लंडनच्या 'टाइम्स' पत्रांत जयप्रकाश नारायण यांच्या सुटकेची मागणी करणारी जाहिरात झळकली. पुण्यामुंबईस जो मजकूर छापण्याची सोय उरली नव्हती, तो आम्ही सकाळच्या न्याहारीबरोबर वाचीत होतों. कोण पकडले गेले, कोण भूमिगत झाले, हें सर्व त्यांत असे. पण आमच्या वाड्यांतील माणसांच्या मनांत काय चाललें आहे, हें तेथें कोठून असणार?

त्याकरितां आम्ही घरच्या पत्रांवर अवलंबून होतों. आणि पत्रें तर मुकी झालेलीं. आमचे धाकटे काका, शाळेंत संस्कृत शिकविणारे गृहस्थ, मिसा कायद्याखालीं स्थानबद्ध झाले होते. पत्रें वाटेंत उघडलीं जातात असा त्या काळीं सार्वत्रिक समज होता. तेव्हां तीर्थरूप लिहीत, "काका अद्याप हवापालटास आहेत. डॉक्टर केव्हां सोडतील तें सांगवत नाहीं. तूं तिकडे अभ्यास सोडून इतर गोष्टींत मन घालूं नये." निळ्या हवाई पत्राच्या उरलेल्या तीन बाजूंवर पावसाची, लोणच्यांची आणि कोणाच्या मुंजीची हकीकत. काकूंचें नांव मात्र प्रत्येक पत्रांत न चुकतां असे आणि तिच्यापुढें नेहमीं एकच शब्द, "बरी आहे." त्या दोन शब्दांवर आम्ही रात्र-रात्र विचार केलेला आहे.

ता. १८ जानेवारी १९७७ रोजीं इंदिराबाईंनीं निवडणुकीची घोषणा केली, आणि लंडनांतील मराठी घरांतून रविवारच्या जेवणाच्या पंक्तींस एकाएकीं रंग चढला. विद्वानांची वाण नव्हती. कोणी म्हणे, निरक्षर मतदार गाय-वासरूं पाहील आणि शिक्का मारून मोकळा होईल. कोणी म्हणे, ज्यास दोन वेळच्या अन्नाची भ्रांत आहे त्यास भाषणस्वातंत्र्याचें काय होय! ता. २ फेब्रुवारीस जगजीवनराम काँग्रेसमधून बाहेर पडले, तेव्हां या विद्वानांनीं आपले सिद्धांत थोडे सैल केले, इतकेंच. दुरून देशाकडे पाहणाऱ्याचा हा एक विशेष दोष आहे असें आमचें मत आहे: पुष्कळ वाचनानें त्याची खात्री वाढते आणि शेजारीं राहणारा अडाणी माणूस नसल्यामुळें ती खात्री मोडावयास कोणीच येत नाहीं.

फेब्रुवारीच्या अखेरीस आलेल्या पत्रांत मात्र तीर्थरूपांनीं एक ओळ सहज म्हणून घातली होती: "आजी हल्लीं सभांना जाते. परवां पु. ल. देशपांड्यांचें भाषण ऐकून रात्रीं दहा वाजतां परतली." बस्स, एवढेंच. वाचकांस यांत कांहीं विशेष वाटणार नाहीं. परंतु आमची आजी दिवेलागणीनंतर कीर्तनास सुद्धां उंबऱ्याबाहेर पडत नसे. ती ओळ आम्हीं दोन-तीन मित्रांस वाचून दाखविली. एक बंगाली मित्र हंसून म्हणाला कीं, तुझी आजी 'टाइम्स'च्या अग्रलेखाहून चांगली लिहिते.

मत आम्हांस नव्हतें. १९५० च्या लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्याप्रमाणें ज्या मतदारसंघांत सामान्यतः वास्तव्य असेल तेथेंच नांव नोंदतां येई. वर्षानुवर्षें परदेशीं राहणाऱ्यास मतदारयादींत स्थान नव्हतें. २०१० सालीं कायद्यांत दुरुस्ती होऊन पुढील वर्षापासून अनिवासी नागरिकांस नांव नोंदविण्याचा हक्क मिळाला खरा, पण मत देण्यास स्वतः आपल्या गांवच्या केंद्रावर जावें लागतें. २०२४ च्या लोकसभा निवडणुकींत अशा मतदारांची नोंद एक लाख एकोणीस हजारांवर होती, आणि प्रत्यक्ष मत देऊन गेले तीन हजारांहूनही कमी. त्यांतही बहुतेक केरळचे. विमानाचें भाडें भरून बजावण्याचा हक्क हा हक्क कसला, असें तरुण मंडळी विचारतात, आणि तें गैर नाहीं. पण १९७७ सालीं आम्हांस मत असतें तर तें टाकण्यास कितपत धैर्य लागलें असतें? अमेरिकेंत सरकारविरुद्ध बोलणाऱ्या कांहीं भारतीयांचे पासपोर्ट काढून घेण्यांत आले होते. तेवढा अपवाद सोडल्यास आम्हां परदेशस्थांच्या दारावर कोणी थाप मारणार नव्हतें. काकूंच्या दारावर ती एकदां पडली होती, आणि तरी त्या केंद्रावर जाणार होत्या.

ता. २० मार्च हा रविवार होता. त्याच पहाटे इंग्लंडांत उन्हाळ्याकरितां घड्याळें एक तास पुढें सरकविलीं गेलीं. त्यामुळें पुण्याची वेळ आणि आमची वेळ यांत साडेपांचाऐवजीं साडेचारच तासांचें अंतर उरलें. तेवढेंच घर जवळ आलें, अशी थट्टा यजमानांनीं केली. उत्तर लंडनमधील त्यांच्या दोन खोल्यांत आम्ही दहा-अकरा जण रेडिओभोंवतीं बसलों होतों. तिकडे आकाशवाणी निकाल सांगण्यांत विलंब लावीत होती. दिल्लींत लोक वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांपुढें गर्दी करून उभे होते. रायबरेलीस राजनारायण यांनीं पंतप्रधानांस ५५,२०२ मतांनीं पाडलें, अमेठीस संजय गांधी पडले, अशीं वृत्तें एकामागून एक आलीं. टाळ्या कोणींच वाजविल्या नाहींत. वहिनी उठल्या आणि त्यांनीं चहाचें आधण ठेवलें.

सोमवारीं हंगामी राष्ट्रपति बी. डी. जत्ती यांच्या सहीनें आणीबाणी उठली. सगळे आंकडे हातीं आले तेव्हां जनता पक्षाच्या २९५ आणि काँग्रेसच्या १५४ जागा झाल्या होत्या. सारा देश एका स्वरानें बोलला असें तेव्हां म्हटलें गेलें व अजून म्हटलें जातें. तें आंकड्यांस धरून नाहीं. उत्तर प्रदेशांत ८५ पैकीं एकही जागा काँग्रेसला नाहीं, तर आंध्रांत ४२ पैकीं ४१! महाराष्ट्र या दोहोंच्या मध्यें. ४८ पैकीं काँग्रेसकडे २०. मुंबईंत मृणाल गोरे निवडून आल्या, आणि 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात' हें वाक्य घरोघर झालें. तें आम्हांपर्यंत येण्यास मात्र तीन आठवडे लागले, कारण इंग्रजी पत्रांस त्यांतील गंमत कळण्यासारखी नव्हती.

मतदानाच्या दिवशीं तीर्थरूपांनीं लिहिलेलें पत्र निकालानंतर पांचव्या दिवशीं पोंचलें. त्यांत जुनीच भीति होती: निकाल काय लागेल सांगतां येत नाहीं, तूं कोठें कांहीं बोलूं नकोस. खालीं आजीचा निरोप. वसुबारसेस जिची पूजा करावयाची तिच्याविरुद्ध शिक्का कसा मारावा, हा तिच्यापुढें मोठा पेंच होता. तेव्हां तिनें केंद्रांतील कागदावरच्या गाय-वासरास आधीं हात जोडले आणि मग नांगरधारी शेतकऱ्यावर शिक्का उमटविला. आंतील कारकून बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिला म्हणे.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यांत आणखी एक हवाई पत्र आलें. पत्ता काकांच्या हातचा होता. तें वळणदार बाळबोध अक्षर आम्हीं जवळजवळ दोन वर्षांत पाहिलें नव्हतें. पत्र आंतून उघडावयास आम्हांस थोडा वेळ लागला. निवडणुकीविषयीं अथवा तुरुंगाविषयीं त्यांत अक्षर नव्हतें. प्रकृति बरी आहे, सोमवारपासून शाळेंत जातों, असें लिहून पुढें त्यांनीं विचारलें होतें कीं, विलायतेंत तुरीची डाळ मिळते काय, आणि मिळत असल्यास ती कोण शिजवितो.