अन्नदान झाले, आधाराचे काय?

आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी वेळापूरला मुक्काम करते. त्या रात्री गावात वारकरी उपाशी झोपत नाही. परंतु घर सोडून एस.टी. स्थानकांच्या फलाटांवर वाढणाऱ्या मुलांना असा एक रात्रीचा पाहुणचार पुरणारा नाही.

टाकलेल्या अर्भकांसाठी प्रार्थना समाजाने १८७५ साली आपल्या शेजारच्या पंढरपुरात बालकाश्रम काढला. ‘सलाम बॉम्बे’ या चित्रपटानंतर १९८८ साली रस्त्यावरील मुलांसाठी ‘सलाम बालक ट्रस्ट’ उभा राहिला. लहानग्यांविषयी समाजाला कणव वाटते. ओठांवर मिसरूड फुटलेल्या पोराविषयी मात्र संशयच वाटतो.

कायद्याचीही धाव तोकडी आहे. २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार अठरा वर्षे पूर्ण करून बालगृहातून बाहेर पडणाऱ्यास अर्थसाहाय्य ‘देता येईल’. ‘दिलेच पाहिजे’ असे त्यात म्हटलेले नाही. शिवाय जो बालगृहात कधी गेलाच नाही, त्याचे काय? पत्ता नाही म्हणून दाखला नाही, दाखला नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून खोली नाही, हे दुष्टचक्र त्याने एकट्याने कसे भेदावे?

ते भेदण्याचे काम सेवाभावी संस्थांचे आहे. पण केवळ त्यांचे नव्हे. शिक्षकाने एका मुलाला परीक्षेस बसवावे, कारकुनाने एका अर्जास वाट दाखवावी, कारागिराने एकाला हाताशी घ्यावे. दयेने एक दिवस निभतो. आयुष्य उभे राहण्यास विश्वासच लागतो.