विश्लेषण : दारा सिंग यांचे 'विश्वविजेतेपद' नेमके कोणते?

२९ मे १९६८ रोजी मुंबईत दारा सिंग यांनी अमेरिकेच्या लू थेझ यांना हरवले आणि ते विश्वविजेते झाले, असे त्यांच्यावरच्या बहुतेक लेखांत वाचायला मिळते. थेझ हे नाव मोठे होतेच. मात्र त्या दिवशी अमेरिकेतील नॅशनल रेसलिंग अलायन्सचा, म्हणजे 'एनडब्ल्यूए'चा जागतिक हेवीवेट पट्टा त्यांच्याकडे नव्हता. ७ जानेवारी १९६६ रोजीच तो जीन किनिस्की यांच्याकडे गेला होता आणि मुंबईतील लढतीच्या वेळीही त्यांच्याकडेच होता. एनडब्ल्यूएच्या विजेत्यांच्या यादीत दारा सिंग यांचे नाव नाही. मग त्यांनी जिंकले ते काय? याचे उत्तर व्यावसायिक कुस्तीतला 'जागतिक' पट्टा कसा घडला, यात आहे.

पट्टा सुरुवातीला खरा होता का?

बऱ्याच अंशी होता. १९०५ मध्ये जॉर्ज हॅकेनश्मिट यांनी न्यूयॉर्कमध्ये टॉम जेनकिन्स यांना हरवले. तेव्हापासून ते जगज्जेते मानले गेले. १९०८ मध्ये शिकागोत अमेरिकेच्या फ्रँक गॉच यांनी त्यांना नमवले. याच काळात गामा पैलवान लंडनला पोहोचले. सप्टेंबर १९१० मध्ये 'जॉन बुल' पट्ट्यासाठी त्यांची लढत पोलंडच्या स्टॅनिस्लॉस झिबिस्को यांच्याशी झाली. झिबिस्को अडीच तासांहून अधिक वेळ जमिनीला चिकटून राहिले आणि कुस्ती निकाली झाली नाही. पुढच्या आठवड्यात ते लढायला आलेच नाहीत, त्यामुळे पट्टा गामांना मिळाला. १९२८ मध्ये पतियाळात दोघे पुन्हा भिडले, तेव्हा गामांनी एका मिनिटाच्या आत त्यांना आस्मान दाखवले.

मग निकाल आधी ठरू का लागले?

कारण लंडनच्या त्या लढतीतच दिसते. खरी कुस्ती कधी अडीच तास रेंगाळते, तर कधी मिनिटात संपते. तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाला दोन्ही परवडत नाही आणि आयोजकालाही नाही. १९२० च्या दशकात अमेरिकेत एड 'स्ट्रँगलर' लुईस, त्यांचे व्यवस्थापक बिली सँडो आणि टूट्स माँट या तिघांनी लढतींना खेळाच्या तमाशाचे रूप दिले. वेळ आटोपशीर झाली, डाव दिसायला नेत्रदीपक झाले आणि कोण जिंकणार हे आधी ठरू लागले. आपल्याकडे राजकारणात ज्याला 'नुरा कुस्ती' म्हणतात, तिचा हा व्यावसायिक अवतार.

या तिघांनी जानेवारी १९२५ मध्ये वेन मन या फुटबॉलपटूला विजेता केले. उंचापुरा, देखणा गडी. पण कुस्ती बेताचीच. एप्रिलमध्ये फिलाडेल्फियात त्याच्यासमोर हरण्यासाठी एका जुन्या मल्लाला उभे केले गेले. हा मल्ल म्हणजे तेच झिबिस्को. ते प्रतिस्पर्धी गटाला सामील झाले होते. ठरलेले बाजूला ठेवून ते खरी कुस्ती खेळले, मनला पाडले आणि पट्टा घेऊन गेले. दीड महिन्यात तो त्यांनी प्रतिस्पर्धी गटाच्या जो स्टेचर यांच्याकडे सोपवला.

आयोजकांनी यातून धडा घेतला. निकाल ठरवायचाच असेल, तर विजेता असा हवा की ज्याला कोणी दगाबाजीने पाडू शकणार नाही. लुटुपुटीच्या विजेतेपदाला राखणदार मात्र खरा पैलवान लागला!

एनडब्ल्यूएने काय बदलले?

जुलै १९४८ मध्ये आयोवातील वॉटर्लू येथे काही आयोजक एकत्र आले आणि त्यांनी एनडब्ल्यूएची स्थापना केली. प्रत्येकाने आपापला इलाखा सांभाळायचा, दुसऱ्याच्या हद्दीत शिरायचे नाही आणि सगळ्यांनी मिळून एकच विजेता मानायचा, असा हा करार होता. पहिले विजेते ऑर्विल ब्राऊन. थेझ यांच्याशी त्यांची लढत ठरली होती, पण नोव्हेंबर १९४९ च्या सुरुवातीला मोटार अपघातात ब्राऊन यांची कारकीर्द संपली. पट्टा थेझ यांना दिला गेला.

थेझ यांची निवड योगायोगाची नव्हती. त्यांना खरी कुस्ती येत होती आणि ती मोडून काढणे सोपे नव्हते. विजेता गावोगाव फिरे, स्थानिक नायकाशी लढे, थोडक्यात वाचे आणि पुढच्या गावी जाई. प्रत्येक गावाला वाटे, आपला गडी जगज्जेता होता होता राहिला. धंद्याचे सारे गणित या 'होता होता राहिला'वर चाले. ही मक्तेदारी अमेरिकी सरकारच्या नजरेतून सुटली नाही. १९५६ मध्ये न्याय विभागाच्या कारवाईनंतर संघटनेला मक्तेदारीच्या प्रथा सोडण्याचे मान्य करावे लागले.

'जग' एकाचे तीन कसे झाले?

१९६० मध्ये अमेरिकन रेसलिंग असोसिएशनने वेगळी चूल मांडली. २४ जानेवारी १९६३ रोजी टोरंटोत थेझ यांनी बडी रॉजर्स यांच्याकडून एनडब्ल्यूएचा पट्टा घेतला. ईशान्य अमेरिकेतील आयोजकांना ते रुचले नाही. त्यांनी रॉजर्स यांनाच विजेते ठरवून वेगळी संस्था काढली. आजच्या 'डब्ल्यूडब्ल्यूई'ची ही पूर्वज. रॉजर्स यांनी रिओ दि जानेरोतील स्पर्धा जिंकली, असे सांगण्यात आले. अशी स्पर्धा झालीच नव्हती. त्याच वर्षी १७ मे रोजी ब्रुनो सॅमार्टिनो यांनी त्यांना ४८ सेकंदांत हरवले.

म्हणजे १९६८ च्या मे महिन्यात एकट्या अमेरिकेत किमान तीन 'जगज्जेते' होते : किनिस्की, व्हर्न गान्ये आणि सॅमार्टिनो. मुंबईत आणखी एक झाला, तर त्यात नवल ते काय?

हा खेळ नाही, हे कबूल कधी झाले?

१९८९ मध्ये. न्यू जर्सीत क्रीडा आयोगाच्या नियमांतून सुटका मिळावी म्हणून आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईच्या मंडळींनी हे मनोरंजन असल्याचे सरकारदरबारी मान्य केले. दोनच वर्षांनी रिक फ्लेअर यांचा कंपनीशी वाद झाला. विजेत्याकडून अनामत म्हणून घेतले जाणारे २५ हजार डॉलर परत न मिळाल्याने ते पट्टा घेऊनच प्रतिस्पर्ध्याच्या कार्यक्रमात अवतरले. कुस्तीत जिंकलेला पट्टा हिसकावण्यासाठी कुस्तीच करावी लागते. अनामतीवर दिलेला पट्टा ही भाडेकराराची वस्तू असते, हे त्या दिवशी उघड दिसले.

यामुळे दारा सिंग लहान ठरतात का?

मुळीच नाही. ते आखाड्यात घडलेले पैलवान होते. त्यांची ताकद खरी, शरीर कमावलेले आणि लोकांचे प्रेमही खरे. ज्या वर्तुळात ते लढले, तिथे निकाल ठरवण्याची रीत होती, एवढेच. तिथला पट्टा सांगतो की आयोजकांनी कोणावर विश्वास टाकला आणि प्रेक्षकांनी कोणाला डोक्यावर घेतले. या कसोटीवर दारा सिंग यांच्या जवळपास जाणारे फार थोडे. नटसम्राटाचा मान ऑलिम्पिक पदकात मोजायचा नसतो.

अडचण होते ती दोन्ही मान एकाच फळीवर ठेवले की. महाराष्ट्रात या गोंधळाला एका शब्दाचीही साथ आहे. आपल्याकडे 'फ्रीस्टाइल' म्हटले की दारा सिंग-किंग काँग आठवतात. बातम्यांत हाणामारीही 'फ्रीस्टाइल' होते. प्रत्यक्षात फ्रीस्टाइल हा ऑलिम्पिकमधला रीतसर प्रकार. गोळेश्वरच्या खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत त्यातच कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्या प्रवासासाठी लोकांनी वर्गणी काढली, प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवले. खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला, तोही मरणोत्तर. ज्याचा निकाल कोणीही ठरवला नव्हता, त्या पदकाची आठवण ठेवायला देशाला इतका वेळ लागला.

म्हणून दारा सिंग यांना विश्वविजेते म्हणताना 'व्यावसायिक कुस्तीतले' हे दोन शब्द पुढे जोडायला हवेत. त्याने त्यांचा मान तसूभरही कमी होत नाही. मात्र लाल मातीत आणि मॅटवर निकाली कुस्ती खेळणाऱ्या पोरांच्या कष्टाची किंमत त्यामुळे कळते. पट्टा कोणी बांधला, याइतकाच तो कोणी दिला, हा प्रश्नही विचारला पाहिजे.