उतरवून घेणे सोपे, सांभाळणे कठीण

संगणकाला द्यावयाच्या क्रमवार सूचनांना आज्ञावली म्हणतात, हे आपणांस ठाऊक आहेच. आज्ञावली चालू लागली की काम संपले, असा आपला समज असतो. पण तीच आज्ञावली उतरवून घेऊन, तीत चार फेरफार करून, दुसऱ्या यंत्रासाठी वापरली तर पुढे काय होते? माझ्या मते हे शाळेतच शिकवले पाहिजे, आणि त्यासाठी लिनक्सचा इतिहास हा उत्तम धडा आहे.

लिनक्स हे एका कर्नलचे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचे, नाव होय. संगणकाचा प्रोसेसर, स्मृती आणि इतर उपकरणे निरनिराळ्या आज्ञावल्यांना वाटून देणे हे त्याचे काम. फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली तो इंटेलच्या ३८६ या ३२ बिटांच्या प्रोसेसरसाठी लिहिला. ३२ बिटांच्या पत्त्याने २ चा ३२ वा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ इतकी स्मृतिस्थाने दाखवता येतात. पुढे तीही अपुरी पडू लागली. २००३ साली ए.एम.डी. कंपनीने त्याच घराण्यातील ६४ बिटांचा ऑप्टेरॉन प्रोसेसर बाजारात आणला. या नव्या जातीसाठी लिनक्समध्ये वेगळा कप्पा करण्यात आला आणि जुन्या कप्प्यातील बराच मजकूर त्यात उतरवून घेण्यात आला.

यात गैर काय? पत्ते लांबले, सर्वसाधारण रजिस्टरे ८ ऐवजी १६ झाली, हे भेद खरेच होते. पण घड्याळाचे ठोके मोजणे, एखाद्या उपकरणाने हाक दिली की तिकडे लक्ष पुरवणे, अशी कामे दोन्हीकडे जवळजवळ सारखी. एकाने दुसऱ्याच्या वहीतून गणित उतरवले आणि गुरुजींनी पहिल्याच वहीतील चूक सुधारली, तर दुसऱ्या वहीतील चूक तशीच राहते. येथेही तेच घडणार. एका कप्प्यातील दोष काढला की दुसरीकडेही तो काढण्याची आठवण कोणीतरी ठेवायला हवी. शिवाय काळ जाईल तसे दोन्ही कप्पे एकमेकांपासून दूर जातात. मग कोणता फरक यंत्रामुळे आणि कोणता विस्मरणामुळे, हे सांगणे कठीण होते.

२००७ साली थॉमस ग्लाइक्सनर आणि इंगो मोलनार यांनी हे कप्पे एक करण्याचे काम हाती घेतले. त्यास विरोध झाला, आणि तो पोकळ नव्हता. ३२ बिटांच्या कप्प्यात जुन्या यंत्रांच्या खोडी सांभाळणारा पुष्कळ मजकूर होता. नवा कप्पा त्या मानाने स्वच्छ होता. जुन्याचे ओझे नव्याच्या डोक्यावर कशाला, असा आक्षेप होता.

त्यावर योजलेली रीत लक्षात ठेवण्याजोगी आहे. प्रथम फाइली नुसत्या एका जागी आणल्या आणि त्यांच्या नावांपुढे गरजेप्रमाणे ३२ किंवा ६४ हा आकडा लावला. आतील मजकूर बहुतेक तसाच ठेवला. जानेवारी २००८ मध्ये २.६.२४ या आवृत्तीबरोबर ही रचना बाहेर आली. फाइली शेजारी-शेजारी आल्यावर सारखेपणा डोळ्यांत भरू लागला. मग एकेक जोडी तपासून एक करण्यात आली. जेथे फरक खरा होता, तेथे तो राखला.

फोनमध्ये सर्रास आढळणाऱ्या आर्म प्रोसेसरांचे दुखणे थोडे निराळे होते. प्रत्येक निर्मात्याच्या बोर्डासाठी कर्नलमध्ये वेगळ्या फाइलींची भर पडत होती. २०११ साली टोरवाल्ड्स यांनी त्याविषयी उघड नाराजी व्यक्त केली. उपाय म्हणून कोणते उपकरण कोणत्या पत्त्यावर आहे, याचे वर्णन आज्ञावलीतून काढून ‘डिव्हाइस ट्री’ नावाच्या स्वतंत्र तक्त्यात ठेवण्याची पद्धत रूढ झाली. डिसेंबर २०१२ मधील ३.७ या आवृत्तीपासून एकच कर्नल अनेक निर्मात्यांच्या आर्म यंत्रांवर चालवता येऊ लागला.

सारे काही एक करावे, असे माझे म्हणणे नाही. ‘३२ असेल तर हे, ६४ असेल तर ते’ अशा अटींची गर्दी करून साधलेली एकी दोन स्वच्छ प्रतींहून वाईट. कसोटी एकच: फरक यंत्रात आहे, की आपल्या घाईत?

शिक्षकांना एक विनंती आहे. नवी आज्ञावली लिहिण्यास आपण गुण देतोच. कधीतरी दोन सारख्या आज्ञावल्या देऊन त्यांतील समान भाग एका जागी आणावयास सांगा, आणि आधीची व नंतरची उत्तरे ताडून पाहावयास लावा. शंभर ओळी लिहिणाऱ्याचे कौतुक होते. उत्तर न बदलता त्यांतील चाळीस कमी करणाऱ्याचेही तितकेच व्हावे. पुढे त्या ओळी दुरुस्त करणाऱ्याचे श्रम त्यानेच वाचवलेले असतात.