मोहफूल आणि गांवाचें नांव

फ्रान्सांतील बोर्दो प्रांतीं रोथशिल्ड घराण्यानें १८५३ सालीं एक द्राक्षमळा घेतला. १८५५ च्या प्रतवारींत त्याचें मद्य दुसऱ्या वर्गांत पडलें. पहिला वर्ग मिळावयास १९७३ साल उजाडलें. तोंवर मळा त्याच घराण्याकडे राहिला. द्राक्षें पुष्कळ ठिकाणीं पिकतात. मोल येतें तें नांवामागील निगेला.

आमच्या अहेरी भागांतही बांधावरील व रानांतील मोह पिढ्यान्‌पिढ्या ठराविक घरांनीं वेंचावयाचे असतात. परंतु फूल मात्र व्यापाऱ्याच्या तागडींत निनांवी पडतें. गडचिरोली जिल्ह्यांत १९९३ पासून दारूबंदी आहे व ती राहावी, असेंच आमचें मत आहे. तेव्हां दारू गाळून कीर्ति मिळवावी, असें आम्ही सुचवीत नाहीं. मोहफूल हें गोड खाद्य आहे. त्याचें नांव खाद्य म्हणूनच व्हावें.

त्यासाठीं प्रथम, झाडाखालचा पाचोळा पेटवून फुलें वेंचण्याची रीत सोडावी. त्या आगीचा वणवा होतो, कोंवळीं रोपें जळतात आणि फुलांत राख मिसळते. झाडाखालीं जाळें बांधावें, फूल स्वच्छ जागीं वाळवावें व पोत्यावर गांवाचें नांव घालावें. नांव घातलें म्हणजे तें राखण्याची जबाबदारीही आपल्यावर येते, आणि बंधुहो, खरा लाभ त्या जबाबदारींतच आहे.