उन्हाळ्यात एक वर्ग उघडा

मे महिन्याच्या दुपारी सदरचा रेसिडेन्सी रोड ओस पडतो. पारा पंचेचाळीसला टेकलेला. ‘अशात कॉलेज कसले?’ असे कुणीही म्हणेल. पण शेजारची मुलगी मला विचारत होती, “काका, एकच विषय राहिलाय. सुट्टीत शिकवतील का हो?” एका विषयापायी तिची पदवी अडली आहे आणि पदवीपायी नोकरीचा अर्ज.

मी नियम काढून पाहिला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात आठ आठवड्यांच्या उन्हाळी सत्राची तरतूद आहे. राहिलेले विषय पूर्ण करण्यासाठी नेहमीचे अभ्यासक्रमही त्यात चालवता येतात. कोणते, ते प्राध्यापकांची उपलब्धता आणि विद्यार्थिसंख्या पाहून संस्थेने ठरवायचे. मेख इथेच आहे. विचारल्याशिवाय संख्या कळणार कशी?

चार श्रेयांकांचा विषय म्हणजे साठ तासांचे अध्यापन. रोज सकाळी सात ते साडेआठ, आठवड्यातून पाच दिवस शिकवले, तर आठ आठवड्यांत ते पुरे होते. ऊन चढण्याआधी मुले घरी. प्राध्यापकांची सुट्टी बुडेल, हा आक्षेप रास्तच आहे. त्यांच्यावर सक्ती नको, आणि शिकवतील त्यांना वेगळे मानधन द्यावे.

पण हिवाळी परीक्षेचा निकाल लागताच सूचनाफलकावर एक कागद लावून मागणी नोंदवून घ्यायला काय खर्च येतो? नावे पुरेशी जमली नाहीत, तर तसे सांगावे. नकार मुले पचवतात. आपल्याला कुणी विचारलेच नाही, हे मात्र त्यांना लागते.